गोचिडाचं औषध: कुणाला लावायचं, कुणाला नाही

पावसाळा लागला की शेळीच्या कानात, गाईच्या कासेजवळ, कुत्र्याच्या मानेवर गोचीड दिसायला लागतात. ते रक्त पितात, जनावर खंगतं, दूध घटतं. थायलेरिया, बबेसिया असे गाईचे जीवघेणे तापही गोचिडांमुळेच पसरतात. म्हणून औषध लावायलाच पाहिजे. पण एक गोष्ट ध्यानात ठेवा, गोचीड मारणारं औषध हे विषच असतं. जनावर चुकलं किंवा माप चुकलं, तर गटाचं कर्ज काढून घेतलेली शेळी आपल्याच हातानं जाते.

शेतातली बाटली गोठ्यात नको

पिकावर मारून उरलेलं औषध जनावराला लावायची सवय पुष्कळ घरांत आहे. "नाव तर एकच आहे ना," असं आपण म्हणतो. नाव एक असलं तरी ताकद वेगळी असते. सायपरमेथ्रिनचंच बघा. पिकासाठी ते १० टक्के आणि २५ टक्के अशा दोन ताकदींत मिळतं. दोन्हींचं एकेक झाकण घेतलं, तर दुसऱ्यात अडीच पट विष जातं. शिवाय पिकाच्या औषधात मिसळलेलं द्रावण जनावराच्या कातडीसाठी बनवलेलं नसतं. जनावरांसाठीचंच औषध घ्या, आणि पाण्यात किती मिसळायचं ते बाटलीवर वाचून सिरिंजनं मोजा. झाकणाचा अंदाज नको.

मांजराला वेगळा नियम

कुत्र्याला चालतं ते मांजराला चालत नाही. ज्या औषधाच्या नावाच्या शेवटी 'मेथ्रिन' येतं (परमेथ्रिन, सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन), ते मांजराला लावू नका. मांजराच्या यकृताला हे विष नीट पचवता येत नाही. त्याला थरथर सुटते, झटके येतात, जीवही जातो. कुत्र्याला औषध लावलं असेल तर त्याचं अंग पूर्ण वाळेपर्यंत मांजराला त्याच्याजवळ जाऊ देऊ नका. कुत्र्याच्या लहान पिल्लांना आणि गाभण किंवा अंगावर पाजणाऱ्या जनावरांना डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीच लावू नका.

इंजेक्शन आपल्या हातानं नको

आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन वजनावर ठरतं. गाईगुरांसाठीच्या १ टक्का औषधाचं नेहमीचं माप ५० किलो वजनाला १ मिली असं असतं. म्हणजे १० किलोच्या लहान जनावराला ते फक्त ०.२ मिली होतं. एवढ्याशा मापात हात जरा चुकला तरी दुप्पट औषध जातं. दुभत्या जनावराच्या दुधातही त्याचा अंश उतरतो आणि ते दूध आपली पोरंच पितात. म्हणून इंजेक्शन डॉक्टरांकडूनच घ्या आणि दूध किती दिवस वापरायचं नाही, ते तिथंच विचारून घ्या.

लावताना एवढं पाळा

• आधी जनावराला पोटभर पाणी पाजा, म्हणजे ते अंग कमी चाटतं. चारा-पाण्याची भांडी बाजूला ठेवा.
• सावलीत, मोकळ्या हवेत लावा. जखमेवर, डोळ्यांत, तोंडात जाऊ देऊ नका.
• अंग वाळल्याशिवाय वासरू, करडू पाजायला सोडू नका. त्याआधी कास धुऊन घ्या.
• हातमोजे घाला, नाकातोंडाला फडकं बांधा. काम चालू असताना मिश्री, तंबाखू, पान तोंडात नको. नंतर साबणानं हात धुवा.
• पंप ओढ्यात किंवा विहिरीजवळ धुऊ नका. ही औषधं माशांना फार घातक असतात.
• बाटली पोरांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा. रिकामी बाटली घरात वापरू नका.

विषबाधा झाली तर

खूप लाळ गळणं, थरथर, अडखळत चालणं, जुलाब, झटके यांतलं काही दिसलं तर थांबू नका. अंगाला लावलेलं औषध कोमट पाण्यानं आणि साध्या साबणानं धुऊन काढा. तूप, तेल, दूध पाजू नका आणि उलटी करवायला जाऊ नका. पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या किंवा १९६२ या मोफत क्रमांकावर फोन करा. औषधाची बाटली सोबत ठेवा. कोणतं विष आहे ते कळलं की उपचार लवकर होतात.

गोठाही बघा

रक्त पिऊन फुगलेली मादी जनावरावरून खाली पडते आणि गोठ्याच्या भेगांत, दावणीखाली हजारो अंडी घालते. म्हणून जनावराला कितीही औषध लावलं तरी गोचीड परत येतात. मग आपण औषध वाढवत जातो, आणि तिथंच घात होतो. त्यापेक्षा भेगा लिंपून घ्या, शेण-कचरा रोज काढा, गोठा कोरडा ठेवा. दुसऱ्यांदा औषध कधी लावायचं ते बाटलीवरच्या सूचनेप्रमाणे ठरवा, मनानं नको. अंगावरचे गोचीड हाताच्या बोटांनी चिरडू नका.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं घरातली गोचिडाच्या औषधाची बाटली पिशवीत नीट बांधून आणावी. पशुसखीताईंसोबत सगळ्या मिळून नाव, ताकद, माप आणि मुदत वाचू. जी बाटली शेतातली निघेल, ती गोठ्यातून त्याच दिवशी बाहेर काढू.