पॉइंट तीनच्या आत

पीयूसीत एखादी गाडी नापास झाल्याचं तोवर माझ्या ऐकण्यात नव्हतं. पंपाच्या कडेला पांढरी व्हॅन उभी असते, आत लॅपटॉप असतो, बाहेर एक नळी लोंबत असते. सव्वाशे रुपये द्यायचे, पोरगा नंबर प्लेटचा फोटो काढतो, कागद हातात पडतो. गाडी धूर किती सोडते याच्याशी त्या कागदाचा काही संबंध असेल, असं पुण्यात कुणी फारसं धरून चालत नाही. म्हणून आमच्या सोसायटीतले एक निवृत्त काका गाडी नापास करून आले, तेव्हा पार्किंगमध्ये घोळकाच जमला. मुलाचं प्रगतिपुस्तक बघून आलेल्या बापासारखा त्यांचा चेहरा झाला होता. गाडी २०११ची, पेट्रोलची, रोज पुसलेली. कार्बन मोनॉक्साइड १.८ टक्के निघाला होता.

"म्हणे पॉइंट तीनच्या आत आणा, मग या," काका म्हणाले. नळी थोडी बाहेर ओढून पुन्हा बघ, असंही ते त्या पोराला सुचवून आले होते. नळी अर्धवट आत राहिली की बाहेरची हवा मिसळते आणि आकडा खाली येतो, ही युक्ती सगळ्यांना ठाऊक आहे. पोरगा नाही म्हणाला. काकांना राग आला होता तो या नकाराचा. मला मात्र त्याचंच कौतुक वाटलं आणि या गाडीचं पुढे काय होतं ते बघावंसं वाटू लागलं.

काकांनी आधी एका मोठ्या सर्व्हिस सेंटरची वाट धरली. तिथे काउंटरवरच्या मुलाने बॉनेट न उघडताच सांगितलं, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर गेलाय, अठ्ठेचाळीस हजार. हा आकडा काकांच्या तोंडी बसला. वॉचमनला अठ्ठेचाळीस हजार, इस्त्रीवाल्याला अठ्ठेचाळीस हजार. "त्यापेक्षा भंगारात घालतो," असंही एकदा म्हणून झालं.

कन्व्हर्टर महाग असतो हे खरंच. सायलेन्सरच्या वाटेत बसवलेल्या त्या डब्यात मधाच्या पोळ्यासारखी जाळी असते आणि तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम यांचा पातळ लेप. पण हा डबा तापल्याशिवाय कामाला लागत नाही, साधारण अडीचशे-तीनशे अंश सेल्सियस लागतात. शिवाय तो आजारी पडतो तेव्हा बहुतेक वेळा दोष त्याच्या आधीच्या कुणाचा तरी असतो. हे मला भवानी पेठेतल्या मिस्त्रींनी सांगितलं. काकांना त्यांच्याकडे नेलं ते आमच्या रिक्षावाल्याने.

गॅरेज म्हणजे दोन गाड्यांची जागा आणि वर पत्रा. नाना पेठेतला स्पेअर पार्टचा बाजार हाकेच्या अंतरावर, त्यामुळे स्वतःकडे माल ठेवायची गरज नाही. मिस्त्री साठीच्या घरातले, मूळचे कराडकडचे. त्यांनी नापासाचा कागद पाहिला, बाजूला ठेवला आणि काकांना गाडी चालू करायला सांगितली. मग ते मागे जाऊन सायलेन्सरपाशी उकिडवे बसले, तळहात धुरासमोर धरला, नाकाशी नेला.

"कच्चं पेट्रोल येतंय, साहेब. जळतच नाही पूर्ण."

मीही वाकून वास घेतला. पेट्रोलचा उग्र दर्प आणि त्याच्या मागे सडक्या अंड्याचा अंश. ती घाण कन्व्हर्टरची, मिस्त्री म्हणाले. पेट्रोल जास्त जायला लागलं की इंधनातल्या गंधकाचा असा वास येतो. नंतर त्यांनी प्लग काढले. चारही काळे, काजळी धरलेले. "बिस्किटाचा रंग पाहिजे याला."

इथे घाईचा मिस्त्री प्लग बदलतो, एअर फिल्टर बदलतो, ऑक्सिजन सेन्सर बदलतो आणि बिल करतो. यांनी पोऱ्याला स्कॅनर लावायला सांगितला. ऑक्सिजन सेन्सरचा व्होल्टेज ०.८ वर अडकून बसला होता. ठीक चालणाऱ्या गाडीत तो ०.१ ते ०.९ असा खालीवर नाचत राहतो. पोऱ्या लगेच म्हणाला, सेन्सर गेला. मिस्त्री हसले. "गेला कसा? पेट्रोल जास्त आहे म्हणून सांगतोय बिचारा. खरं बोलणाऱ्याला काढून टाकायचं का?"

मग त्यांनी जे केलं त्यासाठी मी पुन्हा त्या गल्लीत गेलो असतो. इंजिन बंद करून गाडी पार गार होऊ दिली. पुन्हा चालू केली आणि इंजिनाकडून रेडिएटरकडे जाणाऱ्या वरच्या होजवर हात ठेवून ते नुसते उभे राहिले. बोलणं नाही. शेजारी डिझेल टेम्पोचं काम चालू होतं, पाने आपटत होते, चहावाला येऊन गेला, हात होजवरच. थोड्या वेळाने त्यांनी माझा हात तिथे ठेवला. होज सावकाश कोमट होत होता.

"हाच रोग," ते म्हणाले. इंजिन तापेपर्यंत हा होज गार राहायला हवा. ऐंशीच्या पुढे पाणी गेलं की थर्मोस्टॅट वॉल्व्ह उघडतो आणि होजला एकदम चटका बसतो. इथे पाणी पहिल्या मिनिटापासून मोकळं फिरत होतं. स्कॅनरवर पाण्याचं तापमान अठ्ठावन्न, मग साठ, मग तिथेच. रस्त्यावर एक चक्कर मारूनही साठ. इंजिन कधी तापतच नाही, म्हणून गाडीचा कॉम्प्युटर समजतो की अजून पहाटच आहे, आणि थंड इंजिनाला देतात तसं जादा पेट्रोल देत राहतो. धूरही पुरेसा गरम नाही, त्यामुळे कन्व्हर्टर अर्धा झोपेत. १.८ असा आला होता.

हाउसिंगचे बोल्ट काढले तर आत वॉल्व्ह नव्हताच. जागा रिकामी.

मग काकांना आठवलं. काही वर्षांपूर्वी मे महिन्यात खंबाटकीच्या घाटात गाडी तापली होती. हायवेवरच्या एका गॅरेजवाल्याने "वॉल्व्ह चिकटलाय" म्हणत तो काढून फेकला, पाणी भरलं आणि गाडी पुण्याला आली. त्या माणसाला मी दोष देणार नाही. उन्हात, घाटात, घरी पोचवण्यापुरता तो इलाज बरोबर होता. घरी आल्यावर नवा वॉल्व्ह बसवायचा हे मात्र राहून गेलं, आणि नंतर दर वर्षी सर्व्हिसिंग करणाऱ्यांपैकी कुणीही पाहिलं नाही. काकांच्या गाडीत तापमानाचा काटा नाही, नुसता दिवा आहे. थंडीत हीटर तापत नाही हे कळायला आधी हीटर लावावा लागतो, आणि पुण्यात तो कोण लावतो? ॲव्हरेज सोळावरून अकरावर आलं होतं, पण त्याचं खापर ट्रॅफिकवर फुटलं होतं.

०.३ ही मर्यादा गाडी २०११ची आणि पुण्यात पासिंग झालेली म्हणून. पुण्यासारख्या मोठ्या शहरांत भारत स्टेज चार हे प्रदूषणाचं मानक एप्रिल २०१० मध्येच आलं. सगळ्या देशाला ते १ एप्रिल २०१७ पासून लागू झालं. याच सालची गाडी लहान गावातली, भारत स्टेज तीनची असती, तर तिला ०.५ पर्यंत चाललं असतं. चौथ्या टप्प्यापासून हायड्रोकार्बनही २०० पीपीएमच्या आत लागतात, आणि २५०० आरपीएमच्या आसपास रेस धरून लॅम्डा, म्हणजे हवा-पेट्रोलचं प्रमाण, ०.९७ ते १.०३ मध्ये आहे का हेही तपासतात.

एवढं असूनही या तपासणीबद्दल माझा संशय पुरता जात नाही. वेताळ टेकडीच्या कुशीत एआरएआय ही गाड्यांची चाचणी करणारी संस्था आहे. तिथे नवं मॉडेल रोलरवर चालवून, किलोमीटरमागे किती ग्रॅम काय निघतं ते मोजतात. चौथ्या टप्प्यातल्या पेट्रोल गाडीला नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा ०.०८ ग्रॅम होती. पंपावरची नळी पेट्रोल गाडीचे नायट्रोजन ऑक्साइड मोजतच नाही. म्हणजे गाडी दुसऱ्या बाजूने बिघडलेली असेल, तर कागद हिरवाच. शेजारच्या टेम्पोवर ईजीआरच्या, म्हणजे थोडा धूर पुन्हा इंजिनात फिरवणाऱ्या यंत्रणेच्या, वाटेत पत्र्याची चकती ठोकून ती बंद करायचं काम चालू होतं. मालकाला पिकअप हवा होता. डिझेल गाडीला काळा धूर तेवढा मोजतात. ईजीआर बंद केल्यावर तो उलट कमी होतो आणि नायट्रोजन ऑक्साइड वाढतात. तो टेम्पो पास होणार. मिस्त्रींना विचारलं तर ते म्हणाले, "गिऱ्हाईक मागतं," आणि नजर वळवली. काकांच्या गाडीवर एवढा जीव लावणारा माणूस तो हाच.

बाकीचं काम भराभर झालं. नवा थर्मोस्टॅट साडेसातशेचा. गंजाचं लाल पाणी काढून कूलंट भरलं, एअर काढली, चार प्लग, एअर फिल्टर. मजुरी धरून तीन हजारांच्या आत. स्कॅनरवर पाणी पंच्याऐंशीला जाऊन स्थिरावलं आणि सेन्सरचा आकडा नाचू लागला. मिस्त्रींनी बजावलं, हायवेवर वीस मिनिटं चालवा आणि गरम गाडी तशीच व्हॅनपाशी न्या, बंद करू नका.

त्याच पोराकडे गेलो. कार्बन मोनॉक्साइड ०.०५, लॅम्डा १.००. काका अजून अठ्ठेचाळीस हजार सांगतात, फक्त आता वाचवलेले म्हणून.

२०१९च्या दुरुस्तीनंतर प्रदूषणाच्या पहिल्या गुन्ह्याला १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा ३ महिन्यांपर्यंत कैद कायद्यात आहे. त्या धाकाने मागच्या दाराने कागद मिळवणारे खूप आहेत. तुमची गाडी नापास झाली, तर तो पोरगा प्रामाणिक आहे एवढं आधी मान्य करा. आणि कुणी कन्व्हर्टरचा भाव सांगितला, तर पैसे काढण्याआधी एवढंच विचारा: थर्मोस्टॅट जागेवर आहे का, आणि पाणी कितीपर्यंत तापतंय?