जुन्या बुलेटची तेलगळती

पांढुर्णा आणि सौसर या तहसिली २०२३ साली छिंदवाड्यातून निघून नव्या पांढुर्णा जिल्ह्यात समाविष्ट झाल्या. तेथील संत्र्यांच्या बागांतून हिंडणाऱ्या किंवा सौसरहून सिल्लेवानी घाट चढून छिंदवाड्याला जाणाऱ्या एखाद्या जुन्या, ओतीव लोखंडी सिलिंडरच्या बुलेटखाली तेलाचा डाग दिसला, की मालक गॅस्केट बदलण्याचा हुकूम सोडतो. बहुधा दोष गॅस्केटचा नसून ब्रीदरचा असतो.

१९५५ पासून मद्रासेत तयार होऊ लागलेल्या या ३४६ सीसीच्या इंजिनात सिलिंडर एकच. त्यामुळे पिस्टन खाली येताना क्रँककेसमधली हवा दाबली जाते, आणि तीन हजार फेऱ्यांच्या गतीला हा प्रकार सेकंदाला ५० वेळा घडतो. त्यातच रिंगांवरून निसटणाऱ्या वायूची भर पडते. हा दाब बाहेर जाऊ द्यावा, परंतु हवा परत आत येऊ देऊ नये, अशी तजवीज ब्रीदरच्या नळीच्या टोकाशी असलेली, बदकाच्या चोचीसारखी रबरी झडप करते. ती शाबूत असली, तर केसमध्ये किंचित निर्वात राहून तेल सांध्यांतून बाहेर झिरपत नाही. रबर कडक होऊन फाटले, वा नळी गाळाने चोक झाली, की तेच तेल मिळेल त्या फटीतून वाट काढते.

परीक्षा सोपी आहे. नळी काढून रॉकेलने धुवावी आणि पुसून कोरडी करावी. इंजिनाकडच्या टोकातून फुंकल्यास हवा पार व्हावी, उलट बाजूने मात्र अडावी. अडत नसेल, तर झडप बदलावी. तेल ठिबकते म्हणून नळीला बूच मारणे सर्वथा वर्ज्य. आणि तिचे तोंड मागच्या टायरपासून दूरच ठेवावे, कारण तेलकट टायर वळणावर घसरतो.

झडप चांगली असूनही नळीतून धुराचे लोट येत असतील, तर रिंगा वा बोअर झिजले आहेत, असे समजावे. तेलाचे मोजमापही फसवे असते: गाडी बरेच दिवस उभी राहिली, तर तेल हळूहळू क्रँककडे उतरते, डिपस्टिक कमी दाखवते, मालक भर घालतो, आणि जास्तीचे तेल ब्रीदरवाटे बाहेर पडते. म्हणून इंजिन थोडे चालवून मगच तेल मोजावे.

आधी तेल, मग नळी, मग झडप, त्यानंतर रिंगा, आणि गॅस्केट सर्वांत शेवटी: हा क्रम पाळणारा मिस्त्री गिऱ्हाइकाचा पैसा वाचवतो आणि इंजिनाचे आयुष्यही वाढवतो.