घड्याळ अल्पाहारी, टॉर्च खादाड!

बालमित्रांनो, आज घरातले सेल मोजा बरं! भिंतीवरचं घड्याळ, टीव्हीचा रिमोट, धाकट्याची मोटारगाडी, आजोबांची टॉर्च... या सगळ्यांत पुन्हा चार्ज होणारे सेल घालायचे का? नाही! आधी बघायचं, कोणाची भूक किती.

घड्याळ अगदी अल्पाहारी. एक साधा सेल त्याला वर्षभरही पुरतो. रिमोटचंही तसंच. चार्ज होणारे निकेल-मेटल हायड्राइडचे सेल नुसते पडून राहिले तरी हळूहळू उतरतात. शिवाय साधा सेल १.५ व्होल्टचा, तर हा १.२ व्होल्टचा. काही घड्याळं त्यावर नीट चालत नाहीत. तिथे साधाच सेल बरा.

मोटारगाडी आणि टॉर्च मात्र खादाड! आमच्या भातकुलीकडे रात्री वावरात जागलीला जायचं, तर टॉर्च हवीच. रोजच्या अशा वापराला चार्ज होणारे सेल घ्या. सुरुवातीला महाग वाटतात. पण नीट वापरले तर शेकडो वेळा भरता येतात. टॉर्च अधूनमधूनच लागत असेल, तर पाकिटावर 'लो सेल्फ डिस्चार्ज' लिहिलेले सेल बघा. जपानच्या सान्यो कंपनीने २००५ साली असे 'एनेलूप' सेल काढले. ते वर्षभर पडून राहिले तरी बरीचशी वीज राखून ठेवतात.

आता थोडं गणित. सेलवर '२००० एमएएच' लिहिलेलं असतं. तो विजेचा रांजण समजा. टॉर्च तासाला ५०० घेत असेल, तर रांजण साधारण ४ तास पुरेल. चार्जर तासाला २०० भरत असेल, तर १० तास लागतील ना? पण भरताना काही वीज उष्णतेच्या रूपात वाया जाते. म्हणून १४-१५ तास धरा, आणि वेळ झाली की सेल काढा.

एवढं मात्र पक्कं लक्षात ठेवा :

* साधा सेल चार्जरमध्ये कधीच घालू नका. तो गळतो, फुटूही शकतो.
* जुना आणि नवा सेल एकत्र लावू नका.
* आपल्या वऱ्हाडातला उन्हाळा माहीत आहे ना? तापलेल्या पत्र्याखाली किंवा उन्हात सेल चार्ज करू नका. उष्णतेनं त्यांचं आयुष्य घटतं.
* संपलेला सेल चुलीत टाकू नका, दगडानं फोडू नका. २०२२ च्या नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत गोळा करणं ही उत्पादकांची जबाबदारी आहे. सेल डब्यात साठवा आणि कुठे द्यायचे, ते बाबांना दुकानात विचारायला सांगा.

या रविवारी वहीत दोन रकाने आखा, 'अल्पाहारी' आणि 'खादाड'. घरातली एकेक वस्तू त्यात लिहा आणि मगच आईबरोबर सेल आणायला निघा!