चढलो तर खरं, पण उतरायचं कसं?

मैत्रिणींनो, आपला नांदेड-लातूरचा मुलूख तसा सपाटीचा. चढण म्हणायची ती माहूरला रेणुकामातेच्या दर्शनाची, नाहीतर उदगीरजवळच्या हत्तीबेटाची. पण आता मुलं मोबाइलवर हरिहर, कळसूबाई, रायगडचे फोटो पाहतात आणि सुट्टी लागली की हट्ट धरतात. मग तपोवन एक्सप्रेसनं नाशिक गाठायचं आणि निघायचं गडावर! डबा, पाणी, टोप्या, सगळं आपण आठवणीनं घेतो. विचार करायचा राहतो तो एकाच गोष्टीचा, ती म्हणजे उतरण्याचा.

आपल्याला वाटतं, चढायचं तेवढं अवघड. उतरताना काय, पाय आपोआप पडतात. खरं तर चढताना फक्त धाप लागते. घटकाभर बसलं की ती जाते. उतरताना मात्र मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराचा सगळा भार पेलत असतात, गुडघ्यांना प्रत्येक पावलाला दणका बसतो आणि पाय थरथरू लागतात. त्यात दुपार कललेली, पाणी संपत आलेलं, आणि नजरेसमोर दरी. चढताना ती पाठीमागं होती, म्हणून दिसली नव्हती, एवढंच!

गेल्या हिवाळ्यात आम्ही काही कुटुंबं मिळून कळसूबाईला गेलो होतो. १६४६ मीटरचं, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर. बारी गावातून वाट आहे आणि अवघड टप्प्यांवर लोखंडी शिड्या आहेत. आमच्या शेजारच्या वहिनी चढताना सगळ्यांच्या पुढं होत्या. उतरताना एका शिडीच्या तोंडाशी आल्या आणि थिजल्याच. खालून यजमान म्हणतायत, "अगं ये की, काही होत नाही!" लेकरं हसतायत. मागं माणसांची रांग वाढतेय. वहिनींचा चेहरा पांढराफटक. तिथं लिंबू सरबत विकणारी एक पोरसवदा मुलगी होती. ती उठून आली, रांगेला म्हणाली, "थांबा जरा," आणि वहिनींना म्हणाली, "ताई, आधी बसा. पाणी प्या. आता दरीकडं पाठ करा अन् शिडीकडं तोंड." मग ती स्वतः दोन पायऱ्या खाली उतरून उभी राहिली आणि सांगत गेली, "डावा पाय खाली... अजून जरा... हां, टेकला." पाच मिनिटांत वहिनी खाली!

त्या मुलीनं जे केलं, ते अगदी शास्त्रशुद्ध होतं बरं का. जिथं हात लावावे लागतील इतका उभा कडा किंवा शिडी आली, की तोंड दगडाकडं करायचं. दोन हात, दोन पाय यांपैकी तीन नेहमी घट्ट टेकलेले, चौथा तेवढा हलवायचा. नाशिकजवळच्या हरिहरच्या कातळात खोदलेल्या पायऱ्या अशाच जवळजवळ उभ्या आहेत, आणि हात धरायला त्यांत खोबणी केलेल्या आहेत. १८१८ साली कॅप्टन ब्रिग्ज हा इंग्रज अधिकारी तो जिना पाहून चकित झाला होता म्हणतात! तिथं तोंड दरीकडं करून, मोबाइलवर फोटो काढत उतरणारे महाभाग दिसतात. त्यांच्या मागं जाऊ नका. उतरणाऱ्याला हात देऊन ओढूही नये, त्यानं तोल जातो. जाणत्या माणसानं खाली राहावं आणि शब्दांनी पाऊल दाखवावं. ओढणीचा दोर तर अजिबात नको. एक घसरली तर दुसरीही जाईल.

मुरमाड उतरणीची तऱ्हा वेगळी. तिथं भीतीनं आपण मागं रेलतो, आणि रेललं की टाच सुटते. गुडघे जरा वाकवून, भार पावलांवर ठेवून, पावलं आडवी टाकत नागमोडी उतरावं.

गंमत म्हणजे बर्फावरही हेच चालतं. काश्मीरच्या सहलीत गुलमर्गला गेलं, की आपल्यातल्या कितीतरी जणी तासाभरासाठी पायांना स्की बांधतात. नवखी बाई घाबरून मागं रेलते, आणि फळ्या तिला घेऊन सुटतात. झेपणार नाही असा उतार समोर आला, तर शिकवणारे सांगतात की फळ्या उताराला आडव्या धरा आणि वरच्या बाजूच्या कडा बर्फात रुतवा. कडा किंचित सैल केल्या की आडवंच हळूहळू खाली सरकता येतं, पुन्हा रुतवल्या की थांबता येतं. देखणं दिसत नाही, पण माणूस धड खाली येतो. घाबरून कडक, उभ्या बर्फावर फळ्या सोडू मात्र नयेत. नुसते बूट तिथं अधिकच घसरतात.

असं कुठं अडकलं, की मला हिरकणीची आठवण करून देणारं कुणीतरी हमखास भेटतं. "ती बाई रात्री रायगडाचा कडा उतरली, आणि तुम्ही!" अहो, आख्यायिका नीट आठवा. गडाचे दरवाजे बंद झाले होते आणि तान्हं लेकरू घरी होतं. शिवाय ती पायथ्याच्याच गावची, त्या डोंगराच्या अंगाखांद्यावर वावरणारी. महाराजांनी तिचं कौतुक केलं, साडीचोळी दिली, पण तो कडा काही उतरायला मोकळा ठेवला नाही. तिथं बुरूज बांधला! आपल्यासाठी तर रायगडावर १९९६ पासून रोपवे आहे. त्यातून उतरण्यात कसली आली लाज?

माघारी फिरणं म्हणाल, तर आपल्या मराठवाड्याच्याच मनीषा वाघमारे २०१७ साली एव्हरेस्टचं शिखर थोडंसंच उरलेलं असताना हवामान बिघडलं म्हणून परतल्या, आणि २०१८ साली पुन्हा जाऊन शिखरावर पोचल्या. म्हणून वर जातानाच दर टप्प्यावर मागं वळून पाहा, आणि "इथून मला खाली येता येईल का?" असं स्वतःलाच विचारा. उत्तर "नाही" आलं, तर तिथंच सावली बघून बसा, डबा उघडा. बाकीचे जाऊन येतील. आणि उतरताना मध्येच अडकलात, तर उरलेली सगळी दरी पाहू नका, पुढच्या तीन पावलांची जागा तेवढी शोधा. ती सापडत नसेल तर पुन्हा वर चढा, चढणं सोपं असतं. अंधार पडला तर मात्र हलूच नका, जागीच थांबून ११२ वर फोन लावा.

साडी नको, सलवार-कमीज बरी. नऊवारी नेसता येत असेल तर तीही उत्तम. पायांची नखं आदल्या दिवशी कापा, नाहीतर उतरताना बुटाच्या टोकावर आपटून अंगठे काळेनिळे होतात. पिशवी हातात नको, पाठीवर. पावसाळ्यात शेवाळलेल्या पायऱ्यांच्या वाटेला जाऊच नये. आणि निघण्याआधी तीन-चार आठवडे घराचा नाहीतर शाळेचा जिना रोज दहा-बारा वेळा सावकाश उतरा. मी मधल्या सुट्टीत तेच करते. मुली हसतात, हसू देत. तरीही परतल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या दुखतीलच. घाबरू नका, ते स्नायूंचं दुखणं आहे, चार-पाच दिवसांत ओसरतं. गुडघा सुजला किंवा टेकवेनासा झाला, तर मात्र तेल चोळत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.