दोन रेषा भेटतात तिथे

दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी घेणारा एक छोटा गृहउद्योग डोळ्यांसमोर आणा. चकली आणि चिवडा, दोनच पदार्थ. बदलता खर्च वजा जाता चकलीवर किलोमागे १५० रुपये अंशदान सुटतं, चिवड्यावर १००. किलोभर चकलीला माणसांची ४० मिनिटं जातात, चिवड्याला २०. शेगडी दोन्हींना २० मिनिटं लागते. तिघीजणी आठ तास राबल्या तर हाताशी १,४४० मिनिटं, दोन शेगड्यांची ९६०. काय किती करायचं?

कॉस्टिंगमध्ये आधी शिकवतात तो नियम असा: जो घटक अपुरा, त्याच्या दर मिनिटाला जास्त अंशदान देणारा माल निवडा. इथे घटक दोन अपुरे, आणि दोघांचं म्हणणं उलट. बायकांच्या वेळेचा हिशेब चिवड्याला कौल देतो, शेगडीचा चकलीला. नुसता चिवडा केला तर ४८ किलो, ४,८०० रुपये. नुसती चकली ३६ किलो, ५,४००.

म्हणून आलेखाचा कागद. आडव्या अक्षावर चकली, उभ्या अक्षावर चिवडा. श्रमाची रेषा चकलीच्या ३६ पासून चिवड्याच्या ७२ पर्यंत, शेगडीची ४८ पासून ४८ पर्यंत. दोन्हींच्या आतला तुकडा म्हणजे जमण्यासारखं सगळं. आता समान अंशदानाची एक रेषा काढून पट्टी तिला समांतर बाहेर सरकवत न्यायची. तुकड्याला ती शेवटची टेकते तो कोपरा २४ किलो चकली, २४ किलो चिवड्याचा: ६,००० रुपये.

परीक्षेसाठी कोपऱ्यांचा तक्ता करून मोठा आकडा अधोरेखित करायला लावतात, ते मला खटकतं. पट्टी सरकवल्याशिवाय आलेखातलं खरं धन हाती लागत नाही. श्रमाचा एक तास वाढवा. रेषा किंचित सरकते, कोपरा २७ आणि २१ वर जातो, अंशदान ६,१५०. म्हणजे जादा तासासाठी नेहमीच्या मजुरीवर आणखी १५० रुपयांपर्यंत मोजणं परवडतं. हीच शॅडो प्राइस. पण एकूण ३२ तासांवर श्रमाची रेषा शेगडीच्या रेषेबाहेर निघून जाते. त्यापुढे पाचवी बाई आली तरी एक रुपया वाढत नाही. तेव्हा शेगडी घ्यावी लागते. ओव्हरटाइम द्यावा की यंत्र घ्यावं, या प्रश्नाचं उत्तर असं बोटाने दाखवता येतं.

तिसरा पदार्थ आला की कागद अपुरा पडतो. लेनिनग्राडच्या लिओनिद कांतोरोविच यांच्यापुढे प्लायवुड उद्योगातल्या यंत्रांवर काम वाटण्याचा प्रश्न आला, तो असाच अनेक चलांचा. १९३९ मध्ये त्यांनी पद्धत प्रसिद्ध केली. अपुऱ्या साधनांची हीच छुपी किंमत तिच्या मुळाशी होती. १९४७ मध्ये अमेरिकी हवाई दलासाठी काम करणाऱ्या जॉर्ज डँट्झिग यांनी सिम्प्लेक्स पद्धत मांडली. ती कडेकडेने, एका कोपऱ्यावरून दुसऱ्यावर जाते. १९७५ चं अर्थशास्त्राचं नोबेल कांतोरोविच आणि अर्थतज्ज्ञ कूपमन्स यांना मिळालं. डँट्झिग यांना वगळलं गेलं, याची हळहळ वाटते.

ग्वाल्हेरला जन्मलेले, मुंबईच्या आयआयटीत शिकलेले नरेंद्र करमरकर यांनी १९८४ मध्ये बेल लॅब्जमध्ये वेगळी वाट काढली. कोपरे सोडून ती प्रदेशाच्या पोटातूनच जाते. आपल्या फराळाच्या कागदावर ती १० किलो चकली, १० किलो चिवड्यापासून निघाली, तरी एकही रेषा न ओलांडता त्याच २४–२४ च्या कोपऱ्याजवळ येऊन पोचेल.