व्यायामाआधी खावे की नाही? एका घरातली तीन उत्तरे

फजरची नमाज आटोपली की सोलापूरच्या होम मैदानावर फिरणाऱ्या बायकांचे तीन-चार घोळके दिसतात. कुणी बुरख्याखाली कॅनव्हासचे बूट घातलेले, कुणी स्वेटरवर ओढणी घट्ट बांधलेली. माझ्या सासूबाई, म्हणजे आमच्या अम्मी, त्यातल्याच एक. वय 63, मधुमेहाला अकरा वर्षे झालेली. गेल्या हिवाळ्यात एका सकाळी त्या तिसरी फेरी मारता मारता थांबल्या आणि मटकन खाली बसल्या. अंगाला दरदरून घाम सुटला होता, हात थरथरत होते. बोलायला जावे तर शब्द जुळत नव्हते.

सोबतच्या बायकांना वाटले, ब्लड प्रेशर वाढले असेल. शेजारच्या खाला मात्र स्वतः मधुमेहाच्या. त्यांनी चहाच्या गाड्यावरून ग्लासभर पाण्यात तीन चमचे साखर ढवळून आणली आणि घोट घोट पाजली. माझा पुतण्या घरून ग्लुकोमीटर घेऊन धावत पोहोचला. साखरेचे पाणी पोटात जाऊनही आकडा 64 होता. पुन्हा तेवढीच साखर दिली. पंधरा मिनिटांनी 92 आला, तेव्हा सगळ्यांच्या जिवात जीव आला.

घरी आल्यावर अम्मी पलंगावर पडल्या पडल्या मला म्हणाल्या, "बेटा, तूच सांगितलं होतंस ना, रिकाम्या पोटी चाललं की साखर लवकर उतरते?"

खरेच होते ते. मीच सांगितले होते. मोबाइलवर आलेला कुठला तरी व्हिडिओ पाहून मी स्वतः उपाशीपोटी चालायला लागले होते आणि तोच सल्ला त्यांनाही दिला होता. त्यात त्यांना सवय अशी की, उठल्याबरोबर मधुमेहाची गोळी घ्यायची आणि मग फिरायला जायचे. नाश्ता परतल्यावर. गोळी, रात्रभराचा उपवास आणि पाऊण तासाची चाल, तिन्ही एकत्र आले. साखर उतरली, पण जेवढी उतरायला हवी त्याहून फार खाली गेली.

त्या दिवशी संध्याकाळी डॉक्टरांकडे मी वही घेऊनच बसले. व्यायामाआधी खायचे की नाही, एवढाच माझा प्रश्न होता. डॉक्टरांनी उलट विचारले, "कुणी? कुठला व्यायाम? कुठली गोळी घेऊन?" आमच्या घरात सकाळी व्यायाम करणारी माणसे तीन. तिघांची उत्तरे वेगळी निघाली.

अम्मींचे उत्तर : आधी गोळीचे नाव पाहा

मधुमेहाच्या सगळ्या गोळ्या सारख्या नसतात. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्या स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात. तुम्ही खाल्ले आहे की नाही, हे त्या गोळीला ठाऊक नसते. इन्सुलिनच्या इंजेक्शनचेही तसेच. नुसती मेटफॉर्मिन घेणाऱ्याची साखर एकाएकी धोकादायक खाली जाणे सहसा होत नाही. पुष्कळांच्या एकाच गोळीत दोन औषधे असतात, हे मात्र विसरू नये. पाकिटावरची दोन्ही नावे वाचावीत. अम्मींच्या गोळीत ग्लिमेपिराइडही होते, मेटफॉर्मिनही.

त्यात चालताना पायांचे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात. एरवी हा व्यायामाचा मोठाच फायदा. पण गोळीनेही साखर उतरवायची, स्नायूंनीही उतरवायची आणि पोटातून नवी येत नाही, असे झाले की तोल जातो. साखर 70 च्या खाली गेली की ती कमी समजायची.

डॉक्टरांनी अम्मींसाठी ठरवून दिले ते असे. गोळी फिरून आल्यावर, नाश्त्याबरोबर. निघण्यापूर्वी साखर तपासायची. 90 च्या खाली असेल तर 15 ते 30 ग्रॅम कर्बोदके पोटात गेल्याशिवाय घराबाहेर पडायचे नाही. म्हणजे एक मध्यम केळे किंवा लहान आकाराच्या तीन-चार खजुरा. 250 च्या वर असेल आणि मळमळ, फार तहान, अंगात त्राण नसणे असे काही जाणवत असेल, तर त्या दिवशी व्यायाम नाही, दवाखाना. हे आकडे अम्मींसाठी ठरलेले आहेत. इन्सुलिन घेणाऱ्यांनी, मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार असणाऱ्यांनी आपले आकडे आपल्या डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावेत. गोळीची वेळही स्वतःच्या मनाने बदलू नये.

साखर उतरल्यावर काय करायचे, हे घरातल्या प्रत्येकाला माहीत हवे, दहा वर्षांच्या मुलालासुद्धा. तीन चहाचे चमचे साखर पाण्यात घालून द्यावी, पंधरा मिनिटे थांबून पुन्हा तपासावे, अजून कमी असेल तर पुन्हा तेवढीच द्यावी. चॉकलेट, बर्फी, क्रीमची बिस्किटे अशा वेळी उपयोगाची नाहीत, कारण त्यातल्या स्निग्ध पदार्थांमुळे साखर रक्तात उशिरा पोहोचते. बरे वाटल्यावर पोळी, भाकरी असे काही खायला घालावे. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नये, ठसका लागून जीव जाऊ शकतो. थेट दवाखाना गाठावा. आणि गोळीमुळे साखर उतरली असेल तर तिचा परिणाम कित्येक तास टिकतो. म्हणून त्या दिवशी अशा माणसाला घरी एकटे ठेवू नये.

ज्यांना सकाळचे हे गणित जड वाटते, त्यांच्यासाठी सोपी वाट आहे ती जेवणानंतरच्या फेरीची. आपल्याकडे शतपावली म्हणतात तीच. जेवल्यानंतर दहा-पंधरा मिनिटे सावकाश चालले तरी जेवणाने वाढणारी साखर कमी चढते. अम्मी आता सकाळी वीस-पंचवीस मिनिटे चालतात आणि इशानंतर गल्लीत दोन फेऱ्या मारतात.

माझे उत्तर : रिकामे पोट चालेल, पण कशासाठी?

मी अडतीस वर्षांची. मधुमेह नाही, रक्तदाब नाही, वजन मात्र आठ-दहा किलो जास्त. मी उपाशीपोटी चालले तर काय बिघडते? काही नाही. निरोगी माणसाच्या यकृतात साधारण 100 ग्रॅम आणि स्नायूंत साधारण 400 ग्रॅम साखर ग्लायकोजनच्या रूपात साठवलेली असते. रात्रीच्या झोपेत यकृतातला साठा बराच खर्च होतो, पण स्नायूंतला तसाच राहतो. तीस-चाळीस मिनिटे चालायला तो पुरून उरतो. उठल्यावर ग्लासभर पाणी प्यावे आणि निघावे.

पण मी उपाशी चालत होते ते चरबी लवकर जळावी म्हणून. हा समज अर्धाच खरा आहे. रिकाम्या पोटी व्यायाम करताना शरीर त्या वेळेपुरती चरबी थोडी जास्त वापरते, हे खरे. पुढे दिवसभरात मात्र तो हिशेब बराच बरोबरीला येतो. 2014 साली अमेरिकेतल्या एका अभ्यासात वीस निरोगी तरुणींना चार आठवडे, आठवड्यातून तीन दिवस, रोज तासभर व्यायाम करायला लावला. अर्ध्या जणींनी उपाशीपोटी केला, अर्ध्या जणींनी खाऊन. जेवण दोन्ही गटांचे बेताचेच ठेवले होते. शेवटी दोन्ही गटांचे वजन उतरले आणि चरबीही. दोघींत म्हणण्याजोगा फरक नव्हता. अभ्यास लहान आहे, पण माझा अनुभवही तेच सांगतो. उपाशी चालून आल्यावर मी एका पराठ्याऐवजी तीन खात होते. वर "आज चालले ना" म्हणून चहात साखर जास्तच.

आता मी निघताना एक खजूर किंवा अर्धे केळे खाते. कधी खात नाही. वजन हळूहळू उतरते आहे, ते न्याहारीत एकच भाकरी आणि उसळ ठेवल्यामुळे. ज्यांना उपाशी चालताना चक्कर येते, डोके दुखते, त्यांनी थोडे खाऊनच निघावे. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बहिणींनी तर रिकाम्या पोटी व्यायाम टाळलेलाच बरा.

पुतण्याचे उत्तर : खा, पण घड्याळ पाहून

माझा पुतण्या एकोणीस वर्षांचा. पोलीस भरतीची तयारी करतो. मुलांना 1600 मीटर धावावे लागते, मुलींना 800 मीटर, आणि एकेका सेकंदाला किंमत असते. त्याला कुणी तरी सांगितलेले, ताकद हवी तर खाऊन धाव. म्हणून तो अंड्याची भुर्जी, चार पाव आणि वर दुधात फोडलेले कच्चे अंडे घेऊन वीस मिनिटांत मैदानावर जायचा. तिसऱ्या फेरीला पोटात कळ यायची, दोनदा उलटीही झाली.

जोरात धावताना रक्त स्नायूंकडे धावते, पोटाच्या वाट्याला कमी येते. पोटात तेलकट, जड अन्न असेल तर ते तिथेच पडून राहते. म्हणून नियम घड्याळाचा. भरपेट जेवण झाले असेल तर जोराच्या व्यायामाआधी तीन-चार तास जाऊ द्यावेत. दोन पोळ्या, पोहे, उपमा असे हलके खाल्ले असेल तर एक-दोन तास. अर्धाच तास हाताशी असेल तर केळे किंवा दोन-तीन खजुरा, बस. तेल, तूप, शेंगदाणे, मांस पचायला वेळ घेतात, त्यांची जागा व्यायामानंतर. अंडेही नंतरच, आणि तेसुद्धा शिजवलेले. कच्च्या अंड्यातून जंतूंची भीती असते, शिवाय शिजवलेल्या अंड्यातली प्रथिने शरीर अधिक चांगली शोषून घेते. पैसेही वाचतात आणि पोटही.

त्याने कधी उलट टोकही गाठले होते. उपाशीपोटी हळूहळू धावणे त्याला जमले, पण वेगाच्या फेऱ्यांत पाय जड झाले. आता वेगाचा सराव असतो त्या दिवशी तो पाऊण तास आधी केळे खातो. भरतीच्या दिवशी नवे काही खायचे नाही, सरावात पोटाला चालले तेच, हे त्याने भिंतीवर लिहून ठेवले आहे.

आणि रमजानमध्ये?

हा प्रश्न आपल्या घरात येणारच. तिथेही सर्वांना एकच उत्तर नाही. बास्केटबॉलपटू हकीम ओलाजुवॉन फेब्रुवारी 1995 मध्ये रोजा ठेवून अमेरिकेच्या एनबीए स्पर्धेत खेळले आणि त्या महिन्याचे सर्वोत्तम खेळाडू ठरले. जुलै 2012 मध्ये हाशिम आमलाने लंडनच्या ओव्हल मैदानावर नाबाद 311 धावा काढल्या, तेव्हा रमजान सुरू झाला होता. पण प्रवासात असल्यामुळे त्याने रोजे ठेवले नव्हते, ते तो नंतर पूर्ण करणार होता. प्रवासी आणि आजारी माणसाला ही सवलत सूरह बकरामध्येच दिलेली आहे.

रोज्यात जोराचा व्यायाम करायचा असेल तर इफ्तारनंतर तास-दोन तासांनी करावा. हलकी चाल इफ्तारच्या थोडे आधी चालेल, म्हणजे लगेच पाणी मिळते. भर दुपारी, उन्हात नको. इफ्तारला समोशांनी पोट भरून लगेच धावायला जाणेही नको. तरावीहच्या वीस रकअतींमध्ये उभे राहणे, वाकणे, बसणे, उठणे हे सगळे व्यायामातच मोडते. मधुमेह असणाऱ्यांनी तो दिवसाच्या व्यायामात धरावा आणि जाताना पाणी जवळ ठेवावे.

अम्मींसारख्यांनी रमजानच्या एक-दोन महिने आधीच डॉक्टरांना भेटावे. गोळ्यांच्या वेळा आणि मात्रा बदलाव्या लागतात, कुणाला रोजे ठेवू नका असेही सांगितले जाते. रोज्यात साखर 70 च्या खाली किंवा 300 च्या वर गेली तर रोजा सोडावा, हा वैद्यकीय सल्ला आहे. तपासणीसाठी बोटातून थेंबभर रक्त काढल्याने रोजा तुटत नाही, असे उलेमा सांगतात. तेव्हा त्या भीतीने तपासणी टाळू नये.

आमच्या दाराशी आता चपलांच्या कपाटावर एक लहान डबी असते. तिच्यात खजुरा आणि साखरेच्या छोट्या पुड्या. बाजूला ग्लुकोमीटर आणि एका कागदावर अम्मींच्या गोळीचे नाव, माझा नंबर, डॉक्टरांचा नंबर. अम्मी निघताना दोन पुड्या पर्समध्ये टाकतात. एक स्वतःसाठी. दुसरी कुणासाठी, म्हणून विचारले तर म्हणाल्या, "त्या दिवशी मला खालांनी पाजली. उद्या कुणाला लागली तर?"

गेल्या आठवड्यात त्यांच्या घोळक्यातल्या सहा जणींनी आपापल्या गोळ्यांची पाकिटे मैदानावर आणली होती. बाकावर बसून पुतण्याने प्रत्येकीला नावे वाचून दाखवली. तिघींच्या पाकिटावर ग्लिमेपिराइड होते. तिघीही रोज गोळी घेऊन, चहाचा घोटही न घेता फिरायला येत होत्या.