गिरणीची धूळ, भजनाचा श्वास

कवठे महांकाळसारख्या दुष्काळी भागातून मुंबईच्या कापड गिरण्यांत गेलेल्यांनी गावचे भजनही सोबत नेले. पाळी सुटली की चाळीत टाळ-पखवाज घुमे. वेल्सच्या कोळसा खाणकामगारांनीही असेच पुरुषांचे गायनसंघ उभारले. दोन्हीकडे धूळ फुप्फुसांत गेली. कापसाच्या धुळीने ‘बिसिनोसिस’ होतो. सुट्टीनंतर कामावर परतताच छाती आवळते.

१९८२ च्या संपानंतर अनेकजण गावी परतले, काहींचा खोकलाही सोबत आला. भजनाने खराब झालेले फुप्फुस दुरुस्त होत नाही. मात्र लांब ओळ म्हणताना श्वास खोल घेऊन सावकाश सोडावा लागतो. म्हणूनच ब्रिटनमध्ये दीर्घकालीन श्वसनविकाराच्या रुग्णांसाठी गायनवर्ग चालतात.

चालताना दम लागत असेल तर आधी तपासणी करा, जुने काम डॉक्टरांना सांगा. औषध चालू ठेवून भजनाला जरूर बसा.